जावयानं धाडलेली नेच्याची कॅप्सूल

सोलापुरात त्वचारोगाची ओपीडी चालवायची म्हणजे ‘उन्हाची ॲलर्जी’ हे निदान बरेच रुग्ण घरूनच करून आणतात. पुष्कळांचं बरोबरही निघतं. मंगळवेढ्याकडचे ते आबा मात्र निदानाबरोबर औषधही घेऊन आले होते. सुनेनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. वर नेच्याच्या पानाचं चित्र, खाली पॉलिपोडियम ल्युकोटोमॉस, २४० मिलिग्रॅम.

“जावयानं पुण्यासनं धाडल्यात,” आबा म्हणाले. “भारी हायत म्हनं. एका डब्याच्या पैशात तीन बायांची खुरपणी निघती.”

“आणि गुण?”

“आधी लई आला. आता डबल घेतोय तरी आग थांबंना.”

सुनेनं सगळं नीट सांगितलं. दोन पावसाळ्यांपासून चेहरा लाल होतो, खाजतो, काळवंडतो. गावात कुणीतरी ऊन बाधतंय म्हणून सांगितलं आणि एक ट्यूब दिली. ती लावली की उतरायचं, सोडली की परत. मे महिन्यात आबा मुंबईला लेकाकडे गेले, तेव्हाच जावयानं या कॅप्सूल सुरू करून दिल्या. पंधरवड्यात चेहरा निवळला. घरात जावयाचा भाव वधारला. मृगाच्या पावसाला आबा गावी परतले आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त उठलं. जावयानं फोनवर सांगितलं, डोस वाढवा.

हा नेचा काही थोतांड नाही, हे आधीच सांगते. ग्वाटेमाला, होंडुरास या भागात त्याला कालाग्वाला म्हणतात आणि तिथली माणसं तो पिढ्यान्‌पिढ्या औषधाला वापरतात. त्याच्या पानांच्या अर्कात कॅफेइक आम्ल, फेरुलिक आम्ल असली द्रव्यं असतात. अतिनील किरणांनी पेशींत जी मोडतोड होते, ती ही द्रव्यं काही प्रमाणात रोखतात. २००४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अर्क पोटात घेतल्यावर त्वचा कमी भाजलेली दिसली. पण त्यात माणसं होती नऊ. वांगाच्या आणि उन्हानं खरोखर पुरळ उठणाऱ्या काही रुग्णांना मी स्वतः तो लिहून देते. मलम, टोपी, सावली हे सगळं सांगून झाल्यावर, वरची जोड म्हणून. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा गोळ्या विकणाऱ्या काही कंपन्यांना पत्रं धाडून बजावलं होतं की सनस्क्रीनची जागा घेईल अशी कुठलीही गोळी नाही. आपल्याकडे दुकानदार सर्रास ‘खायचं सनस्क्रीन’ म्हणूनच हातात ठेवतो.

आबांना टोपी काढायला लावली. टोपीच्या रेघेच्या वरचं कपाळ स्वच्छ, खाली गालांची कातडी जाड, काळी, चिरा पडलेली. इथवर उन्हाच्या गोष्टीत सगळं बसत होतं. मग म्हटलं, “आबा, डोळे मिटा.”

वरच्या पापण्या सुजलेल्या होत्या आणि त्यांच्यावर आडव्या जाड वळ्या पडल्या होत्या. हनुवटी वर करायला सांगितली, तर गळ्याच्या वरच्या भागात, हनुवटीच्या सावलीत, तसंच जाड चामडं. कानाची पाळी पुढे वाकवून मागे पाहिलं, तिथंही तेच. मानेच्या घड्या, कोपरांच्या खळग्या, सगळीकडे.

ऊन वरून येतं. उघड्या डोळ्याची वरची पापणी, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग, घडीच्या आतली रेघ, या जागा ते सहसा सोडून देतं. नेमक्या याच जागा जेव्हा धरलेल्या असतात, तेव्हा दोषी वाऱ्यावरून येतोय असं समजायचं. धूळ पापणीवर बसते, घामाबरोबर घडीत साचते, तिला सावलीचं वावडं नसतं.

“मुंबईत उन्हात जात होता का?”

“तर! सुट्टी हुती. नातवाला घेऊन दुपारभर मैदानात. ती पोरं क्रिकेट खेळायची, मी कडंला बसून.”

“तरी आग नाही झाली?”

“न्हाई की.”

“मग तिथं काय नव्हतं?”

आबांनी थोडा विचार केला. “रान नव्हतं.”

मोबाइलवर फोटो काढून दाखवला. गाजरासारखी पानं, वर पांढरी बारीक फुलं. “ही तर आमची काँग्रेस!” सून म्हणाली. “औंदा पाळी घालायला ट्रॅक्टरच मिळाला नाही. रब्बीच्या ज्वारीचं रान मोकळं पडलंय, नुसतं पांढरं झालंय. आबा रोज सकाळी हातानंच उपटत बसतात.”

मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची, म्हणजे अख्खा पावसाळा ती काळी रानं रिकामी. कुळव फिरला नाही की या काँग्रेसला, म्हणजे गाजर गवताला, आयतं अंगण मिळतं. हे तण मूळचं अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलं. आपल्याकडे ते १९५०च्या दशकात पुण्यात नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं. त्याच्या पानाखोडावरच्या बारीक केसांत आणि फुलांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर उडतो आणि ज्याच्या अंगाला ते एकदा खटकलं त्याला मग जन्मभर ओळखतं. गंमत बघा, डब्यातला नेचाही अमेरिकेच्या त्याच पट्ट्यातला. एक पाहुणा तोंडावर बसला होता आणि त्याच्यावर उतारा म्हणून त्याचाच गाववाला पोटात चालला होता.

अंदाज पक्का करायला पॅच टेस्ट, म्हणजे कातडीला नेमकं काय खटकतं ते पाहायची चाचणी, हवी होती. पाठ सुदैवानं कोरी होती. सोमवारी छोट्या वाट्यांतून वेगवेगळी द्रव्यं पाठीवर चिकटवली आणि दोन दिवस आंघोळ नाही, घाम गाळायचा नाही, असं बजावलं. “आंघोळ ऱ्हाऊ द्या, पर बसून काय करू?” ही आबांची खरी अडचण.

बुधवारी पट्ट्या काढल्या आणि लालसरपणा उतरायला अर्धा तास थांबलो. बाकीच्या जागा फिक्या झाल्या. पार्थेनियमची, म्हणजे गाजर गवताची, जागा मात्र फुगून वर आली होती, तिच्यावर बारीक पाण्याचे फोड, आणि लाली वाटीच्या कडेबाहेर सरकलेली. आबांना पाठ दिसेना. सुनेनं फोटो काढून दाखवला, आणि मी काही बोलायच्या आत तो जावयालाही गेला. शुक्रवारी पुन्हा पाहिलं, तेव्हा ते आणखी चढलं होतं.

औषधाचा भाग थोडक्यात. थोड्या दिवसांपुरतं स्टेरॉइड, मग रक्तपेशी आणि यकृत तपासून शरीराची प्रतिकारशक्ती दाबून धरणारं अझाथायोप्रिन, आणि दर ठरावीक दिवसांनी परत रक्त. खरी घासाघीस झाली ती रानावरून. “रानात जायचं न्हाई” हे आबांना सांगण्यात अर्थ नव्हता. ठरलं ते असं: गवत फुलायच्या आधी दुसऱ्यांनी काढायचं, हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, कारण आज त्यांना काही होत नसलं तरी उद्या होऊ शकतं. वाळलेल्या ढिगाजवळ आबांनी फिरकायचं नाही. घरी आल्याबरोबर कपडे बदलायचे, तोंड धुवायचं. आणि गौरी-गणपतीला शेवंतीचे हार आबांनी ओवायचे नाहीत. शेवंती त्याच कुळातली, गाजर गवत खटकणाऱ्या पुष्कळांना तीही खटकते. सून म्हणाली, गेल्या वर्षी गौरीतच पापण्या सुजल्या होत्या.

“आन्‌ ह्या?” आबांनी डब्याकडे बोट केलं. “दोन डबे अजून भरलेले हायत.”

त्या कॅप्सूलनी काही अपाय झाला नव्हता, हे खरंच होतं. बंद करा म्हटलं. त्या पैशात तीन बाया लावा.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. जरा दुखावलेला होता. “पण मॅडम, मुंबईत फरक पडला होता ना?” त्याला मैदानाचं, रानाचं सगळं समजावलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “मी रविवारी सिंहगडाकडे सायकल मारतो, दुपारपर्यंत. ते दोन डबे मी घेऊ का?”

घ्या म्हटलं, पण सनस्क्रीन लावून, आणि दर दोन तासांनी परत लावून. त्यावर तो म्हणाला, “ते चिकट होतं हो, म्हणून तर गोळी शोधली होती.”