पिशवीतल्या चपला

नाशिकला शरणपूरच्या प्रोटेस्टंट मिशनच्या वस्तीत वाढलेली मी. नवस हा शब्द आमच्या घरात जरा दबक्या आवाजातच निघायचा. रविवारच्या शाळेत बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय घोटून घेतलेला. पापातून तारण कृपेने, विश्वासाद्वारे. कर्मांनी नाही, उगाच कुणी फुशारकी मारायला नको. लग्न मात्र कॅथलिक घरात झालं, आणि यंदा फेब्रुवारीच्या यात्रेला सासूबाईंसोबत नाशिकरोडच्या बाळ येशूला पायी निघाले. त्यांचा गुडघा बरा झाला होता.

पहाटे साडेपाच. कानटोपीतूनही थंडी घुसत होती, आणि आई अनवाणी. चपला पिशवीत, परतीसाठी. सीबीएस बसस्थानक मागे पडलं तोवर हातातली जपमाळ अर्धी सरली होती.

द्वारकेच्या पुलाखाली चहा घेताना मी खोडी काढलीच. "आई, चालून तारण मिळतं होय?"

"गुडघा आधी बरा झाला, मग चालतेय. आधी चालले असते तर लाच म्हणाली असतीस."

आता काय बोलणार? तरी बोलले. आमच्या प्रोटेस्टंटांच्या मूळपुरुषाने, ल्यूथरने, बायबलातल्याच याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं होतं, कारण माणूस नुसत्या विश्वासाने नाही, क्रियांनीही देवापुढे नीतिमान ठरतो असं त्यात सरळ लिहिलंय. १५४७ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने 'केवळ विश्वास'वाल्यांना शाप दिला. गंमत म्हणजे त्याच ठरावात हेही आहे, की नीतिमान ठरण्याआधीचा विश्वास काय नि कर्म काय, कशानेही ती कृपा कमावता येत नाही. म्हणजे आईंचंच म्हणणं! लुथरन आणि कॅथलिकांनी या विषयावर एकत्र सह्या केल्या त्या थेट १९९९ साली, ऑग्सबर्गला. साडेचारशे वर्षं. आईंनी चहा संपायच्या आत मिटवलं.

उपनगरच्या अलीकडे एक बाई रस्त्याकडेला उभी. कडेवर पोर, चपलेचा अंगठा तुटलेला, तीही यात्रेलाच निघालेली. मी म्हटलं, "बाळ येशू नेईल हो ताई, जवळच आलंय." बोलले आणि जीभ चावली. 'सुखाने जा, ऊब घ्या' म्हणून उघड्याला वाटेला लावणाऱ्यांवर याकोबाने जे लिहिलंय, ते हेच.

आईंची पिशवी तोवर उघडलीसुद्धा होती.

मिस्साची उपासना आटोपली तेव्हा डांबर चटके देत होतं. मेणबत्तीचं मेण बोटांवरून खरवडत आई बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होत्या.

"सहा नंबर ना गं तुझा?"