गॅरेज, गारठा आणि भुशाची शेगडी

घर बांधताना पुढं गॅरेज काढलं ते गाडीसाठी. गाडी आजतागायत बोळात उभी आहे, ताडपत्री पांघरून, आणि गॅरेजात माझा लोखंड कातायचा छोटा लेथ, सुतारकामाचं टेबल, एक ड्रिल मशीन आणि "कधीतरी लागंल" म्हणून जमवलेलं भंगार. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, सगळी नोकरी लेथपुढं उभं राहून काढली, रिटायर झाल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे दुकान. दुकान म्हणजे गिऱ्हाईक कोण नाही, शेजारीपाजारीच, कुणाचा पाट कुणाची खुर्ची कुणाच्या पंपाचं बुश.

सगळं बरं चाललेलं असतं दिवाळीपर्यंत. मग थंडी येते. आपलं गाव समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरच्या वर, पश्चिमेला घाट, खानापूरकडनं धुकं आलं की नऊ वाजेपर्यंत समोरचं घर दिसत नाही. आमच्याकडं याचं कॅलेंडर सोपं आहे, सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं आणि रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या दिसायला लागल्या की ट्रंकेतनं स्वेटर बाहेर काढायचं. समोरचा कन्नड मेस्त्री सकाळी कानटोपीतनं म्हणतो, "बाळ थंडी ऐत्री." मी म्हणतो, "लई थंडी आहे वो." थंडीला दोन्हीकडं थंडीच म्हणतात, तेवढा एक तरी शब्द वादातनं सुटला म्हणायचा.

मला सकाळी सहाला उठून काम करायची खोड. आणि सहाला लेथच्या हँडलला हात लावला की लोखंड चावतं, अक्षरशः चावतं. शिवाय मापाची भानगड. पोलाद एका अंशाला मीटरमागं साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, म्हणजे १०० मिमीचा जॉब, कातायचा तुकडा हो, सकाळी १२ अंशात मापला आणि दुपारी २२ अंशात मापला तर ०.०१ मिमीचा फरक पडतो. पंपाच्या बुशला त्यानं काय होत नाही, खरं आमची सवय वाईट. जगभर मापं २० अंशाला धरतात, आमच्या कंपनीतली मापाची खोली पण एसी लावून २० वर ठेवलेली, त्यामुळं उन्हाळ्यात ती गार आणि थंडीत उबदार, आणि डिसेंबरात ड्रॉइंग विचारायच्या निमित्तानं तिथं घुसणाऱ्यांत मी पहिला असायचो.

तर ठरवलं, गॅरेज गरम करायचं.

पहिला प्रयोग हीटर. २००० वॅटचा, पंखा असलेला. तासाला २ युनिट, सकाळचे तीन तास म्हणजे ६, महिन्याला १८०. आता कर्नाटकात गृहज्योतीचं, म्हणजे घरची वीज फुकट द्यायच्या सरकारी योजनेचं, गणित सगळ्यांना पाठ आहे, २०० युनिटच्या वर गेलं की सवलत नाही, सगळंच बिल भरायचं. आमची मंडळी मीटर वाचते तसं कुणी पोथी पण वाचत नसेल. तिनं आठव्या दिवशी मीटर बघितला आणि काही बोलली नाही, नुसतं हीटरची पिन काढून माझ्या हातात दिली. आणि एवढं करून उपयोग काय, तर वर पत्रा, खाली शटर, गरम हवा सरळ वर जाऊन पत्र्याच्या फटीतनं बाहेर, वरची पाल तेवढी खूश.

भाचा मिनेसोटात असतो, त्याला फोनवर सांगितलं तर हसायला लागला. त्याच्या गॅरेजात बाहेर उणे २० असताना तो हाफ पँटवर काम करतोय, छताला गॅसचा हीटर टांगलाय, त्याचा धूर नळीतनं बाहेर, भिंतीत आणि दारात इन्सुलेशन भरलंय. "मामा, आधी भोकं बुजवा, मग गरम करा," म्हणाला. १२ अंशाला कुरकुरणाऱ्या माणसाला उणे २० वाल्यानं शिकवायचं म्हणजे जरा लागतं, खरं बोलला ते बरोबरच होतं. मग पोत्याची लांब पिशवी शिवून त्यात भुसा भरला, असा सहा हात लांब साप करून शटरच्या खाली आडवा टाकला. एकाच दिवसात पायाला फरक कळला. हीटरचे पैसे नुसत्या सापात वाचले असते.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातली जुनी गॅसची शेगडी. तीन दिवसांनी लेथच्या बेडवर तांबूस पावडर. कारण साधं आहे, गॅस जळताना पाणी होतं, १ किलो एलपीजी जाळला की दीड किलोच्या वर वाफ खोलीत सुटते आणि ती जाऊन बसते गार लोखंडावर. म्हणजे मी पैसे घालून गंज विकत घेत होतो. तेल पुसत बसलो दोन दिवस.

मग आठवली आईची भुशाची शेगडी. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेलाचा पत्र्याचा डबा, बुडाशी बाजूला मुठीएवढं भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, बुडाच्या भोकातनं एक दांडकं आत सरकवून बाटलीला टेकवायचं, आणि भोवती वखारीतला कोरडा भुसा थोडा थोडा टाकून ठोकायचा, चांगला दगड होईपर्यंत ठोकायचा. मग दांडकं ओढून काढायचं आणि बाटली अलगद फिरवत वर घ्यायची. इथं श्वास धरायचा, कारण भुसा ढासळला की सगळं पहिल्यापासनं. आई बाटली काढताना कुणाला बोलू द्यायची नाही. खालनं कागद पेटवला की आग मधल्या बोगद्यातनं वर येते आणि आतनं बाहेर जळत जाते, तीन-चार तास, धूर जवळजवळ नाहीच. आणि माझ्याकडं भुसा फुकट! फक्त प्लायचा आणि एमडीएफचा (दाबून केलेल्या फळ्यांचा) नको, त्यात गम असतो, जाळला की डोळं झोंबतात.

इथं मी थांबलो असतो तर बरं. खरं चंदगडचा एक पाव्हणा काजूच्या टरफलांचं पोतं देऊन गेला, "लई तापतंय मामा, बघा तर खरं." तापतंय, खोटं नाही. टरफलात तेल असतं, भडकलं की डबा लालबुंद. खरं काजू म्हणजे बिब्ब्याचा चुलत भाऊ, त्या तेलानं माझ्या बोटाला फोड आले आणि काळा चिकट धूर सगळ्या हत्यारांवर बसला, मापायचा व्हर्नियर वाचायला आधी रॉकेलनं पुसावं लागलं. शेजारची वहिनी गेटातनं, "काय वो मामा, आतनं धूर यायलाय की! पेटलं का काय?"

आणि त्याच आठवड्यात खरी भीती वाटली ती धूर नसताना. परत भुशावर आलो होतो, साप शटरखाली घट्ट, खिडकीला प्लास्टिक, खोली काय सुंदर गरम झालेली. तासाभरात डोकं जड, कपाळ ठणकायला लागलं, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मंडळी चहा घेऊन आली, शटर वर केलं, माझं तोंड बघून कप खाली ठेवला आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो, आणि आत जळतंय आणि हवा बंद म्हटल्यावर तो होणारच. भाच्याचं निम्मं ऐकलं होतं मी, भोकं बुजवायचं, नळीचं विसरलो. शेगडी आता अंगणात असते, आंघोळीचं पाणी तापवते.

तेव्हापासनं खोली गरम करायचा नाद सोडला. पायाखाली लाकडी फळी टाकलीय, कारण सिमेंटची जमीन सगळी ऊब ओढून घेते. ४०० वॅटचा लाल दांडीचा हीटर गुडघ्याकडं तोंड करून, तो हवा तापवत बसत नाही, माणूस तापवतो. मीटरवाल्या मंडळींची मंजुरी आहे, सकाळी दोन तास.

राहिला फक्त लाकूड जोडायचा पांढरा गम. त्याला मात्र हीटर, फळी, काय चालत नाही. दहा अंशाच्या आसपास तो वाळतो तर खरा, खरं पांढराच राहतो, खडूसारखा, पकड नाही. जानेवारीत वहिनीचा पाट जोडून दिला तो संक्रांतीदिवशी बसल्याबसल्या उकलला, तिळगूळ हातातच राहिला. दोष माझाच, मी पहाटेच्या लाकडावर गम लावला होता. आता थंडीत जोडकाम असलं की गमची बाटली, पाट आणि शिकंजा तिघं रात्री आतल्या खोलीत, पलंगावर भिंतीकडनं, वर माझी जाड चादर. बाहेर गॅरेजात एवढं सगळं करून ठेवलंय तर तुम्हीच का जाऊन झोपत नाही तिकडं, असं मंडळीनं विचारलंय.