कॅलेंडरच्या चौकोनात मावेल एवढंच

रोजचे आनंदाचे क्षण टिपायला नवी वही आणू नका. नवी वही पाच दिवस चालते आणि सहाव्या दिवशी कपाटात जाते. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय असतंच. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आपण त्यातच लिहितो. तिथेच, तिथी-नक्षत्रातून उरलेल्या जागेत, रोज एक ओळ. पाच-सहा शब्दांपलीकडे काही मावत नाही, ते बरंच आहे. बॉलपेन दोऱ्यानं त्याच खिळ्याला बांधा. जेल पेन नको, वाफेनं शाई पसरते.

‘झोपण्यापूर्वी लिहीन’ असं ठरवलं की हमखास राहतं. लिहिणं एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा: विरजण लावलं की, नाहीतर ओटा पुसला की लगेच.

खरी गडबड होते ती काय लिहायचं यात. ‘आजचा दिवस छान गेला’ हे वर्षभर कुठल्याही चौकोनात खपेल, म्हणून ते बाद. ‘भाकरी टम्म फुगली’ हे चालेल. पुढे कारण लिहा: ‘पीठ कढत पाण्यात मळलं’. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, प्रत्येकीच्या कारणासकट. त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला, आणि आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा झाला. आपल्या चौकोनाला तीन जड होतात, एक पुरे. कारण मात्र गाळू नका. ते लिहिलं की उद्याही पाणी कढत ठेवायचं सुचतं.

टिपायचं असेल तर आधी दिसायला हवं. भाकरी फुगत असताना हात फोनकडे गेला तर फोटो निघेपर्यंत वाफ गेलेली असते. कडेनं सुटणारी ती बारीक रेघ, भाजल्या ज्वारीचा वास, तेवढ्यापुरतं तव्यापाशी थांबा.

दोन-तीन आठवड्यांनी चौकोनात चहा, चहा आणि पुन्हा चहा दिसू लागतो. आळस नव्हे हा, मन सरावतं. मग आठवडाभर रोजचं बंद करून फक्त रविवारी लिहा, किंवा एक दिवस फक्त आवाज, एक दिवस फक्त वास असं बांधून घ्या. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४. मधला एखादा खाडा आड आला नाही. घरात आजारपण किंवा दुःख असेल त्या दिवशी चौकोन कोरा सोडा. ओढूनताणून लिहिलेली ओळ नंतर वाचवत नाही.

आणि दूध लाल शाईनं, हे निळ्या शाईनं. नाहीतर महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशेब चुकतो.