फाउंटन्स मठ आणि त्याचे राबणारे बंधू

इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये, रिपनजवळ स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात फाउंटन्स मठाचे अवशेष उभे आहेत. पाहणाऱ्याची नजर आधी तिथल्या उंच मनोऱ्याकडे जाते. मला मात्र या मठाचा खरा इतिहास पश्चिमेकडच्या, सुमारे ९० मीटर लांबीच्या कमानदार दालनात दिसतो.

यॉर्कच्या सेंट मेरी मठात संत बेनेडिक्टने ख्रिस्ती संन्याशांसाठी घालून दिलेले नियम सैल झाले आहेत, अशी तक्रार करून १३ संन्यासी तिथून बाहेर पडले. आर्चबिशप थर्स्टन यांनी ११३२ च्या अखेरीस त्यांना ही ओसाड जागा दिली. पुढे ते साधेपणा व कष्टांवर भर देणाऱ्या सिस्टर्शियन या संन्यासी पंथात सामील झाले, आणि त्या पंथाचे नेते, फ्रान्समधील क्लेअरव्हो मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी त्यांना पंथाची रीत शिकवण्यासाठी एक अनुभवी संन्यासी पाठवला. तरीही हलाखी इतकी होती की, यॉर्कच्या कॅथीड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, ह्यू आपली संपत्ती व ग्रंथ घेऊन मठात आले नसते, तर हा प्रयोग बहुधा तिथेच संपला असता.

साधेपणाचे व्रत घेतलेल्या या मठाला श्रीमंत केले ते लोकरीने. मेंढ्या राखणारे, दूरच्या शेतवाड्या सांभाळणारे, व्रतस्थ असूनही गायनवृंदात ज्यांना स्थान नव्हते असे श्रमिक बंधू त्या लांब दालनात जेवत आणि वरच्या मजल्यावर झोपत. त्यांच्या कष्टांची लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांकडे जाई. पण या व्यापारात मिळकतीबरोबर जोखीमही होती, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मठ कर्जात बुडाला. पुढच्या शतकात स्कॉटिश स्वाऱ्या आणि प्लेगची महामारी आली. श्रमिक बंधूंची संख्या घटत गेली आणि शेतवाड्या खंडाने द्याव्या लागल्या.

तो मनोरा मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबी यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारला. आरंभीच्या सिस्टर्शियनांना असा डौल मुळीच मान्य नव्हता, म्हणून त्याचे सौंदर्य मान्य करूनही तो मला परका वाटतो. त्यानंतर काही दशकांतच, १५३९ मध्ये, राजा आठव्या हेन्रीच्या मठ बंद करण्याच्या धोरणानुसार मठ राजाच्या स्वाधीन झाला, आणि पुढच्या वर्षी ही मालमत्ता लंडनचे व्यापारी रिचर्ड ग्रेशम यांना विकली गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्टीफन प्रॉक्टर यांनी जवळच फाउंटन्स हॉल हा वाडा बांधायला घेतला, तेव्हा त्यासाठी मठाचेच दगड वापरले गेले.