"किती बारीक झालीस गं!" हे वाक्य आमच्या घरात बंद झालंय

गेल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला, तिची मुलगी नववीत आहे, डबा रोज तसाच परत येतोय, आणि तिने विचारलं की तुझ्या लेकीचं ते ईटिंग डिसऑर्डरचं, म्हणजे खाण्याशी जोडलेल्या मानसिक आजाराचं, नक्की कशावरून सुरू झालं होतं गं? तासभर बोललो, मग वाटलं लिहूनच काढावं. लेकीला विचारून लिहितेय, तिने वाचून दोन ठिकाणी खोडलंय पण.

सुरुवात नवरात्रात झाली. त्या वर्षी ती म्हणाली मी पण नऊ दिवस उपास करणार. सगळ्यांना कौतुक, आजीला तर फारच. दसऱ्याला श्रीखंड-पुरी होती, ती म्हणाली पोट बरं नाहीये. मग मंगळवार सुरू झाला, मग चतुर्थी, मग शनिवार. आपल्याकडे उपासाला कोण हटकणार? पण आपला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरी, दाण्याची आमटी, आणि ही नुसत्या ताकावर राहत होती, हे माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली.

त्यात लग्नाचा सीझन. कर्वे रोडवरच्या एका कार्यालयात जो भेटेल तो म्हणे, किती बारीक झालीस गं, काय छान दिसतेस! दोन वर्षांपूर्वी ह्याच लोकांनी "बाळसं धरलंय" म्हणून तिचे गाल ओढले होते. तेव्हा ती बारा वर्षांची होती. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी चढतेच, चढायलाच हवी, वाढच असते ती. तिला पाळी मैत्रिणींच्या आधी आली होती, लवकर वयात येणं हाही एक धोक्याचा मुद्दा धरतात हे मला नंतर कळलं. त्यात शाळेच्या हेल्थ चेकअपला सगळ्यांचं वजन वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं, आणि डान्स क्लासमध्ये "पोट आत घे" रोजचंच होतं. हे सगळं तिने मला सांगितलं दीड वर्षाने, काउन्सेलरच्या समोर बसून.

आणि मी? मी पण म्हणाले होते, बघ आता तो पिवळा ड्रेस कसा मस्त बसतो. हे वाक्य तिला अजून पाठ आहे.

मला वाटायचं डाएट हे आजाराचं लक्षण असतं. डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याचदा तिथूनच आजार सुरू होतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात १४-१५ वर्षांच्या जवळपास २००० मुलामुलींचा अभ्यास झाला होता, १९९९ साली छापून आला, त्यात अगदी कडक डाएट करणाऱ्या मुलींना पुढच्या सहा महिन्यांत ईटिंग डिसऑर्डर होण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांपेक्षा १८ पट निघाली. जरा कमी कडक डाएट करणाऱ्यांमध्येसुद्धा ५ पट.

सगळ्याच मुली डाएट करतात, सगळ्यांना आजार होत नाही, मग हिलाच का, हे मी खूपदा विचारलं. एक म्हणजे स्वभाव. वहीत एक अक्षर चुकलं तरी पान फाडून परत लिहिणारी मुलगी, परीक्षेच्या आधी रात्र-रात्र झोप नाही, आणि आम्ही ह्याला हुशारी समजत होतो. दुसरं अनुवंशिकता, जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की अ‍ॅनोरेक्सियाच्या (वजन वाढेल ह्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराच्या) धोक्यातला साधारण अर्धा वाटा रक्तातून येतो. माझी एक मावशी होती, आठवड्यातून चार उपास करायची, अंगावर मांस नव्हतं, आम्ही तिला देवभोळी म्हणायचो. आता कोणाला विचारणार.

मुलगे ह्यातून सुटलेत असंही नाही हं. कुस्तीसारख्या वजनगटाच्या खेळात मुलं वजन उतरवायला काय काय करतात ते ओळखीत कोणी असेल तर विचारा. आणि बारीक दिसलं तरच आजार असं पण नाही, चांगल्या भरल्या अंगाच्या मुलांनाही होतो. पाळी चालू आहे म्हणजे सगळं ठीक, हेही धरून चालू नका, अ‍ॅनोरेक्सियासाठी पाळी बंद असायलाच हवी ही अट २०१३ पासून मानसोपचाराच्या निकषांमधून काढून टाकलीय.

मला सगळ्यात फसवलं ते तिच्या स्वयंपाकाच्या नादाने. दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ, रविवारी केक, सगळ्यांना आग्रह करकरून खायला घालायची आणि स्वतः नुसती बघत बसायची. मला वाटलं आवड लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला होता, त्यातले काही जण रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे, डोक्यात दुसरं काही नाहीच. हे कळलं त्या दिवशी मी खूप रडले. माझी पोर उपाशी होती आणि मी तिच्या केकचे फोटो ग्रुपवर टाकत होते.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की वाट बघू नकोस, आधी मुलांच्या डॉक्टरांकडे ने, आणि कोणाशी बोलावं सुचत नसेल तर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.

आता रात्रीचं जेवण आम्ही चौघं एकत्र करतो, टीव्ही बंद, ताटावर चर्चा नाही. काही दिवस चांगले जातात, काही नाही. ह्या गणपतीत काकू आल्या होत्या, म्हणाल्या, आता कशी अंगाने भरलीस, बरं वाटलं हो. त्या प्रेमानेच म्हणाल्या, पण लेकीच्या हातातला मोदक तसाच राहिला. मी म्हटलं, काकू, तिने नाचाचा नवीन तोडा बसवलाय, तो दाखवायला सांगा ना तिला. काकूंना राग आला, तेव्हापासून फोन नाही त्यांचा. तोडा मात्र तिने करून दाखवला.