तुम्ही विचारलंत म्हणून: आंतरराष्ट्रीय कायद्यात जायचं तर

"मॅडम, मला इंटरनॅशनल लॉमध्ये जायचंय. पण आमचं कॉलेज जिल्ह्याचं, आम्हाला काही स्कोप आहे का?" लॉ कॉलेजात व्याख्यानाला गेले की हा प्रश्न हमखास येतो. बहुतेकदा सगळे पांगल्यावर, दाराशी आणि हळू आवाजात. दोन वाक्यांत बोळवण करावी असा तो नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

स्कोप आहे. फक्त हेग-जिनिव्हाकडे डोळे लावण्याआधी मुंबई हायकोर्टात काय चालतं ते बघा. मी जहाजांच्या दाव्यांत काम करते, त्यातलं नेहमीचं प्रकरण सांगते. जहाजावर झेंडा पनामाचा, मालक आखातातली कंपनी आणि डेकवर खलाशी रत्नागिरी-रायगडचे. कंपनीचे पैसे संपतात, पगार थांबतो, डिझेल आणि पिण्याचं पाणी येईनासं होतं. जहाज मुंबईबाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि गावाकडे घराचे हप्ते थकतात. आता या खलाशाने दाद मागायची कुठे? २०१७ च्या ॲडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांच्या, कायद्याप्रमाणे मुंबईसह ठरावीक हायकोर्टांत थेट जहाजावरच दावा लावता येतो. कोर्टाचा हुकूम घेऊन माणूस बोटीने जहाजावर जातो, तो तिथे लावतो, बंदर आणि कस्टमला कळवलं जातं, आणि मग कोर्टाच्या परवानगीशिवाय जहाज हलत नाही. या कायद्यात जहाजावरचे जे सागरी हक्क मोजले आहेत, त्यांत पहिला क्रमांक खलाशांच्या पगाराचा आहे.

याच फाइलमध्ये सागरी कामगार करार, २००६ लागतो. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर त्यांच्यासाठी जहाजमालकाची आर्थिक हमी आधीपासून असली पाहिजे आणि तीत चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार धरला पाहिजे, हे त्या करारात आहे. ज्युनिअरचं काम काय? खलाशाचा सीडीसी (जहाजावरच्या नोकरीची नोंद असलेलं पुस्तक), नोकरीचा करार आणि बँकेचे मेसेज तारखेवार लावायचे. खलाशाच्या बायकोला फोन करून शेवटचा पगार कधी आला ते विचारायचं. ती मराठीत बोलते, घाबरलेली असते, तारखा मागेपुढे सांगते. तिच्याशी धीराने बोलून नेमकी तारीख काढणारा ज्युनिअर मला हवा असतो. तो कुठल्या कॉलेजचा, हे मी विचारतही नाही.

फौजदारीची आवड असेल तर मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमचं प्रकरण वाचा. तो पोर्तुगालमध्ये पकडला गेला होता. फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होणार नाही, असा शब्द भारताने डिसेंबर २००२ मध्ये पोर्तुगालला दिला. २००५ मध्ये तो ताब्यात आला, मुंबईच्या टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) कोर्टाने त्याला जन्मठेप दिली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २५ वर्षं भरल्यावर केंद्राने आपला शब्द पाळला पाहिजे. मनाला टोचणारा निकाल आहे, पण मला तो बरोबर वाटतो. आपण असा शब्द मोडला तर पुढचा आरोपी आपल्या हाती कोण देईल?

लवादाचं, म्हणजे कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या पंचांकडून वाद सोडवण्याचं, क्षेत्रही असंच दाराशी आहे. परदेशातले निवाडे इथे अमलात आणायला पक्षकार हायकोर्टातच येतात, आणि मुंबईत २०१६ पासून स्वतःचं आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे.

आता वाचनाविषयी, कारण मुलं इथेच कमी पडतात. सर्टिफिकेट कोर्सच्या जाहिराती बघून पैसे भरू नका. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सगळे निकाल त्याच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातला एक अथपासून इतिपर्यंत वाचा. माझी शिफारस पोर्तुगाल विरुद्ध भारत, १९६०. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके होते हे आपल्याला ठाऊक असतं, पण पोर्तुगालने त्यावरून भारताला हेगमध्ये खेचलं हे कितींना माहीत असतं? दमणहून त्या वस्त्यांपर्यंत भारतातून जाण्याचा हक्क पोर्तुगालला आहे का, हा वाद होता. भारताच्या बाजूने तेव्हाचे ॲटर्नी जनरल सेटलवाड उभे होते आणि या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश होते आपल्या हायकोर्टाचे एम. सी. छागला. नागरिक, मुलकी अधिकारी आणि मालाला हक्क आहे, सैन्याला आणि शस्त्रांना नाही, आणि १९५४ मध्ये वाट अडवताना भारताने काही चुकीचं केलं नाही, असं न्यायालय म्हणालं. सैन्याचा मुद्दा आठ विरुद्ध सात असा सुटला. त्या सात जणांचं म्हणणं काय होतं ते शोधताना तुम्ही जे शिकाल, ते कुठल्या नोट्समध्ये मिळणार नाही.

त्याच्या जोडीला जेसप मूट, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यावरची अभिरूप न्यायालयाची स्पर्धा. दोन काल्पनिक देशांचा वाद देतात आणि एकाच संघाला दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद लिहावे लागतात. कॉलेज संघ पाठवत नसेल तरी दरवर्षीचा प्रश्न सगळ्यांना वाचायला मिळतो. दोघा-तिघांनी बसून लिहा. सकाळी वादी आणि संध्याकाळी प्रतिवादी व्हायला लागलं की आपल्याच युक्तिवादातली भोकं दिसतात. युद्धविषयक कायद्यात रस असेल तर रेड क्रॉसची हेन्री ड्युनंट मूट आहे.

पैशाचं स्पष्ट बोलते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपला मानधन नसतं, आणि जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणं स्वस्त नाही. त्यासाठी शेत गहाण टाकू नका. बापाच्या खिशावर निवड ठरावी हे मला मान्य नाही, आणि संधी म्हणून फक्त याच इंटर्नशिप दाखवणाऱ्यांचा मला राग येतो. हेग अकादमीच्या उन्हाळी वर्गांना थोड्या शिष्यवृत्त्या असतात. वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये, पण अर्जाची मुदत कितीतरी आधी संपते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या फेलोशिपसाठी विद्यापीठाने नाव सुचवावं लागतं. पूर्वी खर्चही विद्यापीठाचाच असे. २०२० मध्ये विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठी निधी उभारायचं ठरलं. हे तुमच्या विद्यापीठाला माहीत नसेल, तर तुम्हीच अधिष्ठात्यांकडे कागद घेऊन जा.

दिल्लीचं गणित जमण्यासारखं आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेली इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ तिथे पदविका चालवते. आशियाई-आफ्रिकी देशांच्या कायदा सल्लागार संघटनेचं, आल्कोचं, मुख्यालयही दिल्लीतच आहे आणि तिथे इंटर्न घेतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या लीगल अँड ट्रीटीज विभागातली कायदा अधिकाऱ्यांची पदं यूपीएससीमार्फत भरतात. जागा मोजक्याच असतात. एमपीएससीच्या जाहिरातींवर डोळा ठेवून असलेल्या मुलांनी याही जाहिरातीवर ठेवावा. आणि अकरावीला फ्रेंच घेतली असेल तर ती सोडू नका. हेगच्या न्यायालयाच्या अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच.