बंदीच्या सावटाखालचा पेशा

२८ जुलै २०२२ रोजी 'बीजीएमआय' (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवर खेळायचा लढाईचा गेम भारतातील अ‍ॅप स्टोअरवरून अचानक नाहीसा झाला, तेव्हा माझ्या ओळखीतील बहुतेक पालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्याच महिन्यात या गेमची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली होती, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते; आणि व्यावसायिक संघांतून खेळणाऱ्या ज्या मुलांचा पगार या गेमवर अवलंबून होता, त्यांचे पुढे काय, हे कोणी विचारलेच नाही.

हा फटका पहिला नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल'वर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तोच गेम 'बीजीएमआय' या नावाने परतला. २०२२ च्या बंदीनंतर तो पुन्हा सुरू व्हायला मे २०२३ उजाडले. म्हणजे दोन्ही वेळा सुमारे दहा महिने काम बंद! ज्या पेशात विशी-बाविशीतच उमेदीची वर्षे येतात आणि सरतात, तिथे हा काळ थोडाथोडका नव्हे.

हे काम कसे असते? स्पर्धेच्या एका सामन्यात सोळा संघ, प्रत्येकी चार खेळाडू; शेवटपर्यंत टिकेल तो संघ पहिला. पहिल्या क्रमांकाला दहा गुण, दुसऱ्याला सहा आणि प्रत्येक किलमागे, म्हणजे गेममध्ये मारलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे, एक गुण. नकाशावर पुढचे वर्तुळ, म्हणजे आक्रसत जाणारे सुरक्षित क्षेत्र, दिसताच संघाच्या आयजीएलला, म्हणजे मैदानातील कर्णधाराला, आता लढायचे की जागा धरून बसायचे, हे काही क्षणांत ठरवावे लागते. घामाने अंगठा स्क्रीनवर अडखळू नये म्हणून खेळाडू बोटांवर पातळ कापडी स्लीव्ह चढवतात. बूटकॅम्पमध्ये, म्हणजे संघाच्या सराव शिबिरात, तासन्‌तास स्क्रिम्स (सराव सामने) खेळायच्या, मग जुन्या सामन्यांचे चित्रण पाहून चुका शोधायच्या, आणि एवढे झाल्यावर अनेकांना यूट्यूबवर स्ट्रीम, म्हणजे आपल्या खेळाचे थेट प्रक्षेपणही करायचे असते. हरलेल्या दिवशी तिथल्या चॅटमध्ये काय काय लिहिले जाते, ते इथे न लिहिलेलेच बरे.

तरीही स्ट्रीम सोडता येत नाही, कारण बंदीच्या काळात प्रेक्षक असलेले खेळाडू दुसरे गेम दाखवून तग धरू शकत होते. केवळ उत्तम खेळणाऱ्याकडे मात्र विकण्यासारखे काहीच उरत नव्हते. मला यातील हीच गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते.

२०२५ च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे अशा गेमांच्या स्पर्धांना, पैसे लावून खेळायच्या गेमांपासून वेगळे मानले, हे चांगलेच झाले. पण गेम कंपनीच्या मालकीचा तो आजही आहेच, त्यामुळे संघाशी करार करणाऱ्या ओळखीच्या मुलांना मी एकच सांगतो: गेम बंद पडला तर पगाराचे काय, याचे कलम आधी शोध आणि मगच सही कर.